ग्रंथसंग्रहाचे मूल्यमापन आणि भाषेचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीवर काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. समितीपुढे विचारार्थ आलेल्या कागदपत्रांत एक लांबलचक यादी होती. गेल्या पंधरा वर्षांत एकदाही घरी दिली न गेलेली पुस्तके, असे तिचे स्वरूप. जागा अपुरी, कपाटे भरलेली, तळमजल्यावर वाळवीचा उपद्रव. तेव्हा ह्या पुस्तकांचे काय करावे, हा प्रश्न रास्तच होता. यादी चाळताना भाषाशास्त्राच्या पानावर माझी नजर अडखळली. ग्रीअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड तेथे नोंदलेला होता. मराठी व तिच्या बोली ह्यांचे नमुने ज्यात १९०५ साली छापले गेले, तोच हा खंड. माझ्या प्रबंधातील कितीतरी उदाहरणे मी ह्याच प्रतीवरून, वाचनकक्षातील खिडकीजवळच्या मेजावर बसून उतरून घेतली होती. ग्रंथ जड, कागद ठिसूळ. तो घरी न्यावा असे कधी मनातही आले नाही. माझ्यापूर्वी व माझ्यानंतर अनेकांनी असेच केले असले पाहिजे, कारण पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या होत्या. देवघेवीच्या नोंदीत मात्र ह्या सर्व वाचनाचा मागमूसही नव्हता.

ह्या प्रसंगामुळे ग्रंथसंग्रहाचे मोजमाप करण्याच्या पद्धतींचा इतिहास पाहण्याची इच्छा झाली. आज आपल्या विद्यापीठांतून ह्या पद्धती सिद्ध उपकरणे म्हणून येतात. त्या कोणी, कोठे, कोणत्या गरजेपोटी घडविल्या, ह्याची चौकशी सहसा होत नाही. ती केली असता असे दिसते की, ह्यांपैकी बहुतेक पद्धती एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी निर्माण झाल्या आणि भाषेसंबंधी काही गृहीते प्रत्येकीच्या पोटात दडलेली राहिली. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

ग्रंथसंग्रह बरा की वाईट हे ठरविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे एखादी प्रमाणभूत सूची हाती घेऊन तीमधील किती ग्रंथ आपल्याकडे आहेत हे पाहणे. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स कॉफिन ज्युएट ह्यांनी १८४९ च्या सुमारास हीच रीत थोड्या निराळ्या प्रकारे वापरली. विद्वानांच्या ग्रंथांत ज्या आधारग्रंथांचा निर्देश होतो, ते ग्रंथ देशातील ग्रंथालयांत मिळतात काय, असे त्यांनी विचारले. उत्तर निराशाजनक आले. पण ह्या विचारण्यात एक मार्मिक गोष्ट होती. ग्रंथालयाची कसोटी ग्रंथपालाच्या आवडीवर न लावता, प्रत्यक्ष विद्याव्यवहारात काय लागते ह्यावर ती लावलेली होती.

पुढे १९२७ मध्ये ह्या कल्पनेला आकड्यांची जोड मिळाली. कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेज ह्या लहानशा महाविद्यालयातील पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस ह्यांच्यापुढे प्रश्न होता तो अगदी घरगुती म्हणावा असा. आपले विद्यार्थी पुढे मोठ्या विद्यापीठांत रसायनशास्त्राचे संशोधन करण्यास जाणार. त्यांची तयारी नीट व्हावी म्हणून महाविद्यालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत? पैसा थोडा. अनुभवी माणसांना विचारून यादी करता आली असती. परंतु तीत प्रत्येकाची आवडनिवड शिरली असती. म्हणून त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातील तळटीपांत ज्या ज्या नियतकालिकांचे उल्लेख आले होते ते सारे मोजले. एकूण ३,६३३ उल्लेख भरले आणि ते २४७ नियतकालिकांत विखुरलेले होते. ज्यांचा उल्लेख अधिक ती आधी घ्यावीत. आणि त्यातही अलीकडच्या वर्षांचे उल्लेख कोठे वाढत आहेत तेही पाहावे, असा त्यांचा व्यवहारी सल्ला होता.

‘सायन्स’ साप्ताहिकात आलेला हा छोटासा लेख आज ह्या शास्त्राचा आद्य लेख मानला जातो. त्याचा निर्देश सर्वत्र होतो, पण त्यातील एक भाग फारसा कोणी सांगत नाही. मोजणी संपल्यावर दिसले ते असे की, अमेरिकन नियतकालिकाच्या अमेरिकन लेखकांनी आधारासाठी वारंवार धाव घेतली होती ती जर्मन भाषेतील नियतकालिकांकडे. जर्मन रसायन संस्थेचे ‘बेरिष्टे’ त्यांत अग्रभागी होते. ह्यावरून दोघांनी काढलेला निष्कर्ष ग्रंथखरेदीपुरता राहिला नाही. विद्यार्थ्यास जर्मन वाचता आलेच पाहिजे, असा तो होता. म्हणजे मोजणीच्या जन्मवेळीच भाषेचा प्रश्न तिच्या शेजारी उभा होता आणि त्या मोजणीने आपल्या वाचकाला स्वभाषेच्या कुंपणाबाहेर जाण्यास सांगितले. पुढील काळात हीच मोजणी नेमके उलटे काम करू लागली, हा ह्या इतिहासातील लक्षणीय भाग होय. अर्थात् पहिल्या मोजणीतही एक पक्षपात होताच. मोजण्यासाठी निवडलेला खंड अमेरिकन होता, आणि म्हणून त्याच नियतकालिकाचे स्वतःचे उल्लेख सर्वांत अधिक निघाले. जे पात्र घेऊन पाणी मोजावे त्या पात्राचा आकार उत्तरात उतरतो.

दुसरे महत्त्वाचे नाव सॅम्युएल क्लेमंट ब्रॅडफर्ड ह्यांचे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे ते प्रमुख. जगातील वैज्ञानिक लेखांचे सारांश देणारी नियतकालिके शेकड्यांनी असूनही निम्म्याहून अधिक लेख त्यांच्या जाळ्यातून निसटतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. असे का व्हावे, ह्याचा शोध घेताना त्यांनी दोन विषयांच्या सूची तपासल्या: व्यावहारिक भूभौतिकी आणि वंगणशास्त्र. १९३४ च्या जानेवारीत ‘एंजिनिअरिंग’ ह्या साप्ताहिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूभौतिकीवरील १,३३२ लेख ३२६ नियतकालिकांत आढळले होते. त्यांपैकी केवळ ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते. पुढील ५९ मध्ये ४९९. आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत पसरलेले होते, बहुतेकांत एकेक किंवा दोनदोन. तीनही गट लेखसंख्येने जवळपास सारखे. पण तेवढे लेख मिळविण्यास लागणाऱ्या नियतकालिकांची संख्या मात्र गटागणिक काही पटींनी वाढत जाते. ह्यालाच ब्रॅडफर्डचा नियम म्हणतात.

ह्या नियमाचा पुढे जो उपयोग झाला तो असा: पहिली नऊ घ्या, पैसा वाचवा, उरलेल्यांचा लोभ धरू नका. स्वतः ब्रॅडफर्ड ह्यांचे म्हणणे तसे नव्हते. ते म्हणत होते की, भूभौतिकीचे ग्रंथालय केवळ भूभौतिकीची नियतकालिके घेऊन बसले तर विषयाचा मोठा हिस्सा त्याच्या हाती लागणारच नाही, कारण तो ज्यांच्या नावात भूभौतिकी नाही अशा दूरदूरच्या पत्रिकांत आहे. सबब सर्व शास्त्रांचे वाङ्मय एकत्र सांभाळणारी मोठी ग्रंथालये अवश्य आहेत. शेपटातील २५८ पत्रिकांनी एकूण लेखांपैकी शेकडा तीस लेख पुरविले होते. त्या तीस टक्क्यांची काळजी हेच ब्रॅडफर्ड ह्यांच्या लेखाचे प्रयोजन होते. एखाद्या नियमाचा प्रवर्तक एका दिशेस पाहत असावा आणि अनुयायांनी दुसऱ्या दिशेस चालू लागावे, ही गोष्ट विद्येच्या क्षेत्रात नवी नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या ठिकाणी जॉर्ज किंग्सली झिफ ह्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. झिफ ह्यांनी १९३५ मध्ये शब्दांच्या वारंवारतेसंबंधी जे दाखविले ते ब्रॅडफर्डच्या नियमाशी गणिताच्या दृष्टीने अगदी जवळचे आहे. कोणताही मोठा पाठ घ्या. थोडे शब्द पुनःपुन्हा येतात आणि पाठातील भिन्न शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच आलेले असतात. आता कोशकाराने एकदाच आलेले शब्द गाळावयाचे ठरविले तर काय होईल? कोश आटोपशीर होईल, आणि वाचकाला ज्या शब्दासाठी कोश उघडावा लागतो नेमका तोच शब्द त्यात सापडणार नाही. ‘आहे’ ह्या शब्दाचा अर्थ पाहण्यास कोणी कोश उघडीत नाही. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या चिठ्ठ्या सुमारे एक कोटी आहेत. त्यांत सर्वांत मोलाची चिठ्ठी पुष्कळदा ती असते की जिच्या मागे दुसरी चिठ्ठी नाही. ग्रंथसंग्रहासही हे लागू आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही, कारण न वाचलेल्या पुस्तकांत खरोखरच निरुपयोगी पुस्तकेही असतात. जुन्या क्रमिक पुस्तकांच्या वीस वीस प्रती सांभाळण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. परंतु एकदा वाचले गेलेले पुस्तक आणि दुर्मिळ शब्द ह्यांची जात एकच आहे, हे मोजणाऱ्याने विसरू नये.

ज्या काळात ब्रॅडफर्ड लंडनमध्ये हे काम करीत होते त्याच सुमारास भारतात एक गणिताचा प्राध्यापक ग्रंथपाल झाला होता. शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांची मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून १९२४ च्या जानेवारीत नेमणूक झाली. नव्या कामात त्यांचे मन रमेना. परंतु त्याच वर्षी ते लंडनला गेले, तेथील ग्रंथालये पाहिली आणि परतल्यावर त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयाचे रूप पालटून टाकले. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची त्यांची पंचसूत्री प्रसिद्ध झाली. तिचे पहिले सूत्र ग्रंथाच्या उपयोगासंबंधी आहे, ते सर्वांस पाठ असते. मला प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिसरे सूत्र अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्याचा आशय. ह्या सूत्राच्या प्रकाशात ‘न वाचल्या गेलेल्या पुस्तकांची यादी’ वाचली म्हणजे तिचा अर्थच बदलतो. ती पुस्तकांवरील आरोपपत्र राहत नाही, ग्रंथालयास विचारलेली प्रश्नावली बनते. ग्रंथ योग्य जागी लावला होता काय? सूचीत सापडत होता काय? त्याच्या विषयाची वाचकास वर्दी दिली होती काय? रंगनाथन मोजणीच्या विरुद्ध होते असे मात्र नव्हे. १९४८ साली इंग्लंडमधील एका परिषदेत, ग्रंथालयाच्या कामास संख्याशास्त्र लावणारी एक स्वतंत्र शाखा असावी अशी सूचना त्यांनी केली आणि तिच्यासाठी ‘लायब्रमेट्री’ हा शब्दही सुचविला. गणिती मनुष्य, आकड्यांची त्यास भीती असण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडील चर्चा प्रामुख्याने पैशाची झाली. राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठाच्या खर्चापैकी शेकडा सव्वासहा ग्रंथालयास मिळावेत असे म्हटले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दर विद्यार्थ्यामागे २५ रुपये व दर अध्यापकामागे ३०० रुपये असा हिशेब दिला. रंगनाथन ह्यांच्याच अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान मंडळाने नेमलेल्या समितीचा अहवालही ह्याच कालखंडातला. किती घ्यावे हे ठरले. काय घेतले गेले आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याची व्यवस्था मात्र फारशी उभी राहिली नाही.

अमेरिकेत अडचण निराळी होती. तेथे पैसा होता, पुस्तके येत होती, जागा संपत होती. शिकागो विद्यापीठाचे ग्रंथपाल हर्मन फस्लर आणि त्यांचे सहकारी ज्युलिअन सायमन ह्यांनी १९६१ मध्ये मोठ्या संशोधन-ग्रंथालयांतील पुस्तकांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणती पुस्तके मुख्य कपाटांतून काढून स्वस्त जागेत ठेवावीत, हा त्यांचा प्रश्न होता आणि पुस्तकाचा मागील वापर हा पुढील वापराचा सर्वांत बरा सूचक ठरतो, असे त्यांस दिसले. येथे ‘ठेवावीत’ हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. फेकावीत असे त्यांनी म्हटले नव्हते. पुढे १९७९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील अ‍ॅलन केंट व त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल बाहेर पडला आणि एकच खळबळ उडाली. १९६९ मध्ये तेथील हिलमन ग्रंथालयात घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे शेकडा ४० पुस्तके १९७५ अखेरपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. तेथील प्राध्यापकांच्या समितीने अहवालावर कडक आक्षेप घेतले; ग्रंथालयात बसून झालेले वाचन नीट मोजले गेले नाही, हा त्यांतील एक. ग्रंथालयात वाचली जाणारी बरीच पुस्तके घरीही नेली जातातच, हे संशोधकांचे उत्तर. वादाचा निकाल काहीही लागो. चाळीस टक्क्यांचा आकडा मात्र जगभर फिरला आणि त्याबरोबरचे आक्षेप पिट्सबर्गमध्येच राहिले.

शिकागोच्या बाबतीत आपल्या दृष्टीने एक विशेष गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. अमेरिकेने भारतास पी. एल. ४८० ह्या कायद्याखाली धान्य विकले, त्याची किंमत रुपयांत जमा झाली आणि त्या रुपयांपैकी काहींतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीने भारतीय भाषांतील नवी पुस्तके अनेक प्रतींत विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांस पाठविण्यास आरंभ केला. शिकागो विद्यापीठ त्यांपैकी एक. म्हणजे ज्या ग्रंथपालाने वापराची मोजणी शास्त्रशुद्ध केली त्याच्याच कपाटांत त्याच दशकात मराठी कथा, कविता, चरित्रे, बोलींचे अभ्यास येऊन पडत होते आणि त्यांना त्या गावी वाचक असणार ते मोजके. देवघेवीच्या कसोटीवर ती पुस्तके पहिल्या वर्षीच नापास झाली असती. ती राहिली. शिकागोच्याच मॉरीन पॅटर्सन ह्यांची दक्षिण आशियाई संस्कृतींवरील प्रचंड सूची १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती अशा संग्रहांच्या आधाराशिवाय संभवली नसती. आणि आपल्याकडे नाहीशी झालेली एखादी मराठी आवृत्ती आज सातासमुद्रापलीकडील सूचीत आढळते, तेव्हा त्या गव्हाचे उपकार कोणत्या भाषेत मानावेत, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता यूजीन गारफील्ड ह्यांच्याकडे वळावयाचे. संशोधनाचा ‘प्रभाव’ मोजण्याची आजची सारी यंत्रणा ह्या गृहस्थांपासून सुरू होते. ते मूळचे रसायनशास्त्राचे. परंतु त्यांची डॉक्टरेट भाषाशास्त्रातली आहे, हे आमच्या व्यवसायबंधूंपैकीही थोड्यांस ठाऊक असते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात, झेलिग हॅरिस ह्यांच्या संरचनावादी भाषाशास्त्राच्या वातावरणात, रासायनिक नावांवरून रेणुसूत्रे यंत्राकरवी कशी काढावीत ह्या विषयावर त्यांनी १९६१ मध्ये प्रबंध लिहिला. अर्थात शिरण्यापूर्वी घटकांची मांडणी, त्यांचा शेजार, त्यांची वारंवारता पाहावी, हा हॅरिस ह्यांच्या पद्धतीचा गाभा. संदर्भोल्लेखांच्या सूचीत हीच वृत्ती दिसते, असे माझे मत आहे. लेखात काय म्हटले आहे हे न वाचता, तो कोणाच्या शेजारी बसतो हे पाहून त्याचा विषय ओळखावयाचा.

अशा सूचीची कल्पना गारफील्ड ह्यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली होती. अमेरिकन वकिलांना परिचित असलेली शेपर्डची सूची त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होती. एखाद्या निवाड्याचा पुढील निवाड्यांत कोठे उल्लेख झाला, तो मान्य झाला की फिरविला गेला, हे ती १८७३ पासून सांगत आलेली होती. येथे एक भेद सहज दृष्टीआड होतो. शेपर्डच्या सूचीत उल्लेख कोणत्या भावाने झाला ह्याची खूण असे. विज्ञानाच्या सूचीत ती खूण गळाली; स्तुती, निंदा, उपचार, सारे उल्लेख सारखेच मोजले जाऊ लागले. १९६१ सालची ६१३ नियतकालिके व त्यांतील सुमारे चौदा लाख संदर्भ सामावणारी पहिली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६३ मध्ये फिलाडेल्फियाहून निघाली. कोणती नियतकालिके तीत घ्यावीत हे ठरविताना मोठ्या पत्रिकांनी लहान चांगल्या पत्रिकांस झाकून टाकू नये, म्हणून गारफील्ड व अर्व्हिंग शेर ह्यांनी एक गुणोत्तर वापरले: मागील दोन वर्षांतील लेखांचे चालू वर्षी झालेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतील लेखांची संख्या. हाच तो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे प्रभावांक. सूचीकाराचे व ग्रंथपालाचे हे निवडीचे साधन पुढे अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या ठरविण्याकडे कसे गेले, ही कथा सुपरिचित आहे. त्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये घोषणापत्र तयार झाले आणि २०१५ मध्ये लायडनचा जाहीरनामा निघाला. ह्या दुसऱ्यात स्थानिक महत्त्वाच्या व इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील संशोधनास संरक्षण द्यावे असे एक कलमच आहे.

दोन वर्षांची ती खिडकी आमच्या विषयास कशी लागू पडेल, ह्याचे एकच उदाहरण पुरे आहे. झ्यूल ब्लॉक ह्यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी केलेले मराठी भाषांतर यावयास १९४१ साल उजाडले. आजही मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणावर लिहिणारा मनुष्य ब्लॉकपासून आरंभ करतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यातील १७५० ते १७६१ ची पत्रे दप्तरांत बांधलेली सव्वाशेहून अधिक वर्षे पडून होती. त्यांचा त्या काळातील प्रभावांक शून्य भरला असता.

ग्रंथसंग्रहाच्या परीक्षणातील भाषेचे गृहीत उघडपणे दिसते ते अमेरिकन संशोधन-ग्रंथालयांच्या संघाने १९८० च्या सुमारास तयार केलेल्या ‘कॉन्स्पेक्टस’ ह्या आराखड्यात. विषयवार संग्रहास शून्यापासून पाचापर्यंत पायरी द्यावयाची: शून्य म्हणजे विषय कक्षेबाहेर, चार म्हणजे संशोधनास पुरेसा, पाच म्हणजे शक्य तेवढा सर्वसमावेशक. ह्या आकड्यापुढे भाषेचे एक अक्षर. ‘ई’ म्हणजे इंग्रजी साहित्य प्रधान; ‘एफ’ म्हणजे निवडक परकीय भाषाही; ‘डब्ल्यू’ म्हणजे परकीय भाषांचा विस्तृत समावेश; ‘वाय’ म्हणजे मुख्यतः एकाच परकीय भाषेतील संग्रह. आराखडा मोठ्या कष्टाने केलेला आहे आणि अमेरिकेपुरता तो उपयुक्तही ठरला. परंतु हाच तक्ता पुण्यात किंवा कोल्हापुरात भरावयास घेतला तर मराठी ग्रंथांपुढे कोणते अक्षर लिहावयाचे? नियमाप्रमाणे मराठी ‘परकीय’ आणि इंग्रजी स्वकीय. अक्षरे बदलून घेता येतात, हे खरे. बदलून घेण्याची आवश्यकता किती जणांच्या ध्यानी येते, हा प्रश्न आहे.

आपल्याकडील अलीकडचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत संशोधनाची मोजणी स्कोपस व वेब ऑफ सायन्स ह्या दोन परदेशी सूचींवरून होत आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नियतकालिकांची यादी आणली; तिचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते आणि काही मराठी नियतकालिकांस तीत स्थान मिळाले, म्हणून तिच्याविषयी पुष्कळांस आशा होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादी बंद झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या आरंभी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास जे कधी दिसले नसते ते तीमुळे दिसेल आणि हा लाभ थोडा नव्हे. मात्र ती नियतकालिके बहुतांशी इंग्रजीतील आहेत. मराठी पत्रिकेची वर्गणी पूर्वीप्रमाणेच त्या त्या ग्रंथालयाच्या तुटपुंज्या रकमेतून द्यावयाची आहे, आणि ‘आता सारे मिळतेच’ असे म्हणून ती रक्कमच कमी केली जाण्याचा धोका आहे.

दोष सगळा बाहेरचा आहे असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. सूचीच्या बाबतीत आपण दरिद्री नव्हतो. शंकर गणेश दाते ह्यांनी एकट्याने मराठी ग्रंथसूचीचे दोन खंड सिद्ध केले. त्यांत १८०० पासून १९५० पर्यंतचे मुद्रित मराठी वाङ्मय आले. ज्युएटच्या रीतीने मराठी संग्रहाची परीक्षा करावयाची तर त्यासाठी ह्याहून चांगले साधन कोणते? दात्यांची सूची समोर ठेवून आपल्या विद्यापीठाच्या मराठी विभागाची पायरी ठरविणारे परीक्षण मी तरी पाहिलेले नाही. दुसरे असे की, मराठीत लिहिणारे आपण आधार देण्यात ढिले असतो. ‘राजवाडे म्हणतात’ एवढे लिहून पुढे जावयाचे; कोणत्या ग्रंथात, कोणत्या पृष्ठावर, ते वाचकाने शोधावे. उल्लेखच नसेल तर मोजणारा काय मोजणार? डॉ. अमृत माधव घाटगे ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात कुडाळी, वारली इत्यादी बोलींची जी वर्णने प्रसिद्ध केली त्यांतील सामग्री अनेक लेखांत नाव न घेता वापरलेली मी पाहिली आहे.

समितीच्या कामाकडे परत येतो. ग्रीअर्सनचा खंड यादीतून निघाला, हे सांगणे नलगे. पण त्यानिमित्ताने मराठीच्या पानांवरील दहाबारा शीर्षके घेऊन ती संगणकीय सूचीत शोधून पाहावीत असे ठरले आणि त्यातून जे दिसले ते माझ्या मते साऱ्या यादीपेक्षा महत्त्वाचे होते. सूचीतील मराठी नोंदी रोमन लिपीत होत्या, आणि त्याही वरखालची चिन्हे गाळून. त्यामुळे शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ आणि व्याकरणातला ‘काल’ एकच झाले होते. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ऱ्हस्व आणि दीर्घ ह्यांचा भेद पार पुसला होता. ‘कोश’ हा शब्द एका नोंदकाराने अमेरिकन पद्धतीच्या अनुकरणाने आणि तालव्य श-ची खूण वगळून असा लिहिला होता की तो ‘कोस’ असा वाचला जाई. दुसऱ्याने उच्चाराप्रमाणे लिहिला होता. तिसऱ्याने संस्कृताप्रमाणे शेवटी ‘अ’ जोडून. एका पद्धतीने शोधणाऱ्यास उरलेल्या दोन पद्धतींनी नोंदलेले कोश दिसत नसत. एका विद्यार्थिनीला आम्ही बोलींवरील एक पुस्तक शोधावयास सांगितले. तिने चार तऱ्हांनी अक्षरे जुळवून पाहिली आणि पुस्तक ग्रंथालयात नाही असे सांगितले. ते मागच्याच कपाटात होते, आणि पंधरा वर्षांत कोणीही न नेलेल्या पुस्तकांच्या यादीतही होते.

ग्रंथालयाच्या प्रमुखांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली, ह्याबद्दल त्यांचे कौतुक करावयास हवे. मराठी नोंदी देवनागरीत नव्याने करण्याचे ठरले. वाचनकक्षातील मेजांवर राहिलेली पुस्तके जागेवर लावण्यापूर्वी त्यांचे दाखल क्रमांक एका वहीत उतरून घेण्याची प्रथा सुरू झाली. विज्ञानविषयांतील जुन्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती बाद करण्यास समितीने संमती दिली. मराठी, भाषाशास्त्र व इतिहास ह्यांची पाने देवनागरी नोंदी पुऱ्या होऊन पाच वर्षे लोटेपर्यंत राखून ठेवली आहेत. नोंदींचे काम ‘प’ अक्षरापर्यंत आले आहे.